अमिओडॅरोन शिरेवाटे देताना

अतिदक्षता विभागात एखाद्या रुग्णाच्या हृदयाची लय एकाएकी बिघडली आणि डॉक्टरांनी ‘अमिओडॅरोन लावा’ असे सांगितले, म्हणजे उपचाराचा निर्णय झाला व महत्त्वाचे काम संपले, अशी जी समजूत रूढ आहे ती अर्धीच खरी आहे. कारण हे औषध कशात मिसळले, कोणत्या शिरेतून दिले, किती मिनिटांत दिले आणि ते जात असता रक्तदाबावर कोणाची नजर होती, या चार गोष्टींवर रुग्णाचे बरेवाईट फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. निर्णय घेणारी व्यक्ती एक असते आणि औषध सिद्ध करून ते प्रत्यक्ष देणारे हात बहुधा दुसरे असतात. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या हातांसाठी, म्हणजे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळी सांभाळणाऱ्या परिचारिकांसाठी आणि नुकत्याच रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी लिहिला आहे. आपल्या रुग्णालयाचा लेखी शिरस्ता आणि औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक यांची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र त्या दोहोंत जे लिहिलेले असते त्याची कारणे कळली, तर हयगय होण्याचा संभव कमी होतो, असा माझा विश्वास आहे.

या द्रव्याचा जन्म हृदयाची लय सुधारण्यासाठी झालेला नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगवणाऱ्या अम्मी विस्नागा या वनस्पतीतील खेलिन नामक द्रव्याचा धागा धरून बेल्जममधील लाबाझ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६१ साली ते तयार झाले आणि आरंभी हृदयशूळावर वापरले गेले. त्याचा लयनियामक गुण ऑक्सफर्ड येथे व्हॉन विल्यम्स आणि त्यांचे फिजीत जन्मलेले भारतीय वंशाचे सहकारी ब्रामा सिंग यांनी १९७० साली दाखवून दिला. सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम या तिन्ही क्षारांच्या पेशीतील वाटा ते कमीअधिक प्रमाणात रोखते, शिवाय बीटा-ब्लॉकर औषधांसारखेही थोडे काम करते, आणि त्याच्या वजनाचा सदतीस टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ आयोडिनचा असतो. शिरेवाटे दिल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण, ड्रिप थांबताच, अर्ध्यापाऊण तासात झपाट्याने उतरते, कारण ते चरबीत आणि अवयवांत जाऊन बसते. परंतु तेथून त्याचे पुरते निर्गमन व्हावयास कित्येक आठवडे लागतात. यामुळे वेग कमी करताच रक्तदाब सावरण्याची आशा बाळगता येते खरी, पण शरीरात एकदा साठलेला साठा इच्छा होताच काढून घेता येत नाही.

हुकूम मिळाल्यावर पहिले काम रुग्णाकडे पाहण्याचे आहे. नाडी धावत असून रक्तदाब खाली गेला असेल, रुग्ण असंबद्ध बोलत असेल, छातीत दुखत असेल किंवा फुप्फुसांत पाणी साचून त्याला धाप लागली असेल, तर त्याला हवा असतो तो लयीशी जुळवून दिलेला विजेचा झटका, ज्याला आपण सिंक्रोनाइज्ड शॉक म्हणतो. अशा रुग्णाला दहा मिनिटांच्या औषधाची वाट पाहायला लावणे हा गंभीर कसूर आहे. प्रकृती थोडीबहुत स्थिर असेल तर बारा लीडचा ईसीजी काढावा आणि तो डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज औषध सुरू करू नये, कारण काही लयी अशा आहेत की त्यांत हेच औषध घातक ठरते. पेसमेकर नसता दुसऱ्या वा तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक असणे किंवा नाडी मुळातच अतिशय मंद असणे हा पहिला प्रकार. क्यूटी लांबल्यामुळे उद्भवणारी, पट्टीवर पीळ घातल्यासारखी दिसणारी टॉर्साड ही दुसरा प्रकार, जिच्यावर मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते आणि अमिओडॅरोन वर्ज्य समजले जाते. आणि वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट या जन्मजात दोषाच्या रुग्णाला ए.एफ. होऊन रुंद, अनियमित व अतिवेगवान ठोके दिसू लागणे हा तिसरा, ज्यात हे औषध दिल्याने लय थेट व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनपर्यंत घसरल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. हृदय निकामी होऊन रुग्ण शॉकमध्ये असला तरीही माहितीपत्रक त्याची मनाई करते.

याच वेळी रक्ताचा नमुना पाठवावा. पोटॅशियम ४ च्या आणि मॅग्नेशियम २ च्या खाली रेंगाळत असता कितीही अमिओडॅरोन ओतले तरी लय वारंवार बिघडत राहते, हा अतिदक्षता विभागातला नित्याचा अनुभव आहे. म्हणून त्यांची भरपाई औषधाच्या जोडीनेच सुरू व्हावी. थायरॉइडची व यकृताची चाचणी याच नमुन्यातून करून घेतली तर पुढे आयोडिनमुळे काही बिघाड झाल्यास तुलनेसाठी मूळचा आकडा दफ्तरी राहतो. आणि ए.एफ. अठ्ठेचाळीस तासांहून जुनी असेल, किंवा ती केव्हा सुरू झाली हेच सांगता येत नसेल, तर लय पूर्ववत होताच अलिंदात साचलेली गुठळी सुटून मेंदूकडे जाऊ शकते, ही गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी. रक्त पातळ ठेवण्याची तजवीज झाली आहे की नाही, हे विचारण्यात परिचारिकेने मुळीच संकोच मानू नये.

आता औषध सिद्ध करण्याविषयी, आणि येथे मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण बहुतेक चुका याच टेबलावर जन्म घेतात. एका ॲम्प्यूलमध्ये ३ मिलिलिटर द्रव आणि त्यात १५० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. काचेवर ५० चा आकडा ठळक छापलेला असला म्हणजे घाईत तोच संपूर्ण ॲम्प्यूलचा आकडा समजला जातो व एकाऐवजी तीन ॲम्प्यूल फुटतात. म्हणून फोडण्यापूर्वी एकीने मोठ्याने वाचावे व दुसरीने हुकुमाच्या कागदाशी रुजुवात घालावी. मिसळण्यासाठी पाच टक्के डेक्स्ट्रोज, ज्याला आपण बोलीत डी-फाइव म्हणतो, तेच घ्यावे. नॉर्मल सलाईनमध्ये हे औषध स्थिर राहत नाही, साका धरण्याचा संभव असतो, आणि अशा द्रावणातून रुग्णाला नेमके किती औषध पोहोचले हे कोणीच सांगू शकत नाही.

हे सर्वांना पाठ असते, तरीही सलाईन वापरले जाते, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. एक तर १०० मिलिलिटरची एनएसची बाटली हाताशी असते आणि तेवढीच डी-फाइवची शोधावी लागते. दुसरे असे की रुग्णाला मधुमेह असतो आणि ‘शुगरच्या पेशंटला डेक्स्ट्रोज कसे लावायचे’ ही शंका ऐन वेळी कोणाच्या तरी मनात येते. शंका घेणारीचा हेतू चांगलाच असतो. परंतु हिशेब करून पाहावा: १०० मिलिलिटर डी-फाइवमध्ये साखर असते अवघी ५ ग्रॅम, आणि संपूर्ण ५०० मिलिलिटरच्या बाटलीत, जी चोवीस तासांत जाणार, २५ ग्रॅम. अतिदक्षता विभागात इन्शुलिन आहे, ग्लुकोमीटर आहे. रक्तातील साखर थोडी चढली तर ती खाली आणण्याचे साधन हाताशी आहे, पण साका धरलेल्या औषधावर कोणताही इलाज नाही. मधुमेह हे डेक्स्ट्रोज टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या परिचारिकांना एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे; आणि औषधाच्या कपाटात डी-फाइवच्या लहान बाटल्या अमिओडॅरोनच्या खोक्याशेजारीच ठेवाव्यात, म्हणजे पहिली अडचणही आपोआप दूर होते.

बाटली हलवताना ती गदागदा हलवू नये, फेस येतो. चारदोन वेळा उलटीसुलटी केली की पुरे. चोवीस तास चालणारे द्रावण काचेच्या किंवा पॉलिओलेफिन वर्गातील प्लास्टिकच्या बाटलीत करावे, कारण पीव्हीसीच्या पिशवीला हे औषध चिकटून राहते. त्याच नळीतून दुसरे काही सोडू नये, आणि सोडियम बायकार्बोनेट, हेपॅरिन, अमिनोफिलिन व सेफाझोलिन ही तर मुळीच नाहीत, कारण जोडाच्या ठिकाणी गढूळपणा येतो आणि नळी तुंबते. नळी धुवायची झाली तरी डी-फाइवनेच धुवावी.

लय बिघडलेली पण प्रकृती स्थिर, अशा रुग्णासाठी प्रचलित पहिली मात्रा १५० मिलिग्रॅमची आहे. एक ॲम्प्यूल १०० मिलिलिटर डी-फाइवमध्ये मिसळून ती दहा मिनिटांत जाऊ द्यावी, म्हणजे पंपावर ताशी ६०० मिलिलिटरचा वेग मुक्रर करावा. दहा मिनिटे ही किमान मुदत समजावी. रक्तदाब मुळातच नाजूक असेल तर डॉक्टर ती वीस मिनिटे किंवा त्याहूनही अधिक करतात, आणि काही रुग्णालयांत तर ३०० मिलिग्रॅम वीस मिनिटांपासून तासाभरात देण्याची पद्धत आहे. या सर्वांमागचे तत्त्व एकच की औषध सावकाश जावे. मागच्या रात्री याच रुग्णाला हाताने ढकलून दिले होते आणि काही झाले नाही, हा दाखला कोणी दिला तर तो ग्राह्य धरू नये.

सावकाश देण्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. अमिओडॅरोन पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून ते द्रवरूपात टिकवण्यासाठी त्यात पॉलिसॉर्बेट ८० आणि बेंझिल अल्कोहोल मिसळलेले असते; हे द्रावक भराभर रक्तात गेले म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो, आणि त्याला औषधाच्या स्वतःच्या हृदयमांद्य आणणाऱ्या गुणाची जोड मिळते. शिरेवाटे दिलेल्या अमिओडॅरोनचा सर्वांत वारंवार दिसणारा दुष्परिणाम हाच असून, माहितीपत्रकातील नोंदीप्रमाणे शंभरातील सुमारे सोळा रुग्णांत तो आढळतो. त्या दहा मिनिटांत परिचारिकेने खाट सोडू नये. धमनीत नळी असेल तर मॉनिटरवरील आकड्याकडे अखंड लक्ष ठेवावे. नसेल तर बीपीचा पट्टा दर दोन मिनिटांनी फुगेल असा लावून ठेवावा आणि वरचा आकडा ९० च्या खाली जाताच किंवा नाडी ५० च्या खाली येताच, डॉक्टर येईपर्यंत वाट न पाहता, ड्रिप थांबवून हाक मारावी. पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. बहुधा वेग निम्म्यावर आणतील, रुग्ण कोरडा असेल तर द्रव देतील, गरज पडल्यास नॉरॲड्रेनलिन सुरू करतील. मात्र रक्तदाब औषधामुळे पडला की न आटोपलेल्या लयीमुळे, हा विवेक त्या क्षणी आवश्यक असतो, कारण दुसऱ्या प्रकारात उत्तर शॉक हेच आहे.

पहिली मात्रा संपल्यावर सहा तास मिनिटाला १ मिलिग्रॅम आणि त्यानंतर अठरा तास मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम, असा क्रम आहे. ५०० मिलिलिटरच्या बाटलीतून १८ मिलिलिटर द्रव काढून टाकावा व सहा ॲम्प्यूल, म्हणजे ९०० मिलिग्रॅम, तिच्यात घालावेत. मग दर मिलिलिटरला १.८ मिलिग्रॅम पडते, आणि पंपाचा वेग पहिले सहा तास ताशी ३३.३ व नंतर ताशी १६.७ मिलिलिटर राहतो. सहा तासांत २०० मिलिलिटर, पुढील अठरा तासांत ३००, म्हणजे चोवीस तास भरतात आणि बाटलीही संपते. ती आधी संपली किंवा पुष्कळ उरली, तर कोठेतरी चूक झाली असे खुशाल समजावे. आरंभीची मात्रा धरून दिवसाची बेरीज १०५० मिलिग्रॅम होते. मध्येच लय पुन्हा बिघडल्यास १५० मिलिग्रॅमची मात्रा पुन्हा देता येते, तथापि चोवीस तासांत सर्व मिळून २.२ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये.

ज्याचे हृदय अर्धा लिटर जादा पाणी सोसणार नाही, त्याच्यासाठी सिरिंज पंप सोयीचा. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दोन ॲम्प्यूल व ४४ मिलिलिटर डी-फाइव घेतले की दर मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम होतात, आणि वेग ताशी १० व नंतर ताशी ५ मिलिलिटर असा पूर्ण आकड्यांत बसतो. यातील एक फसगत मात्र ध्यानात ठेवावी. ताशी १० च्या वेगाने पहिली सिरिंज पाच तासांतच रिकामी होते आणि वेग बदलायचा असतो तो सहा तासांनी. सिरिंज बदलतानाच वेगही निम्मा करण्याचा मोह होतो, पण तसे न करता दुसरी सिरिंज एक तास जुन्याच वेगाने चालवून मग तो निम्मा करावा. असे केले म्हणजे दुसरी सिरिंज नऊ तास व तिसरी दहा तास पुरते आणि तीन सिरिंजांत चोवीस तासांचा हिशेब तंतोतंत मिटतो.

पंप नसेल तर थेंब मोजून हे औषध देण्याचा प्रसंग शक्य तो येऊ देऊ नये. द्रावणातील पॉलिसॉर्बेटमुळे थेंब आकाराने लहान पडतो, त्यामुळे ठरलेल्या संख्येने थेंब सोडूनही प्रत्यक्षात तीस टक्क्यांपर्यंत कमी औषध जाऊ शकते. तालुक्याच्या ठिकाणी दोनच पंप असतील आणि त्यांतील एकावर साधे अँटिबायोटिक चालू असेल, तर ते उतरवून पंप अमिओडॅरोनसाठी मोकळा करावा.

शिरेची निवड हा तितकाच महत्त्वाचा विषय. २ मिलिग्रॅमहून दाट द्रावण एक तासापेक्षा अधिक वेळ द्यायचे असेल तर ते सेंट्रल लाइनमधूनच दिले पाहिजे. म्हणून वरील १.८ ची बाटली हाताच्या शिरेतून चालू शकते, पण ६ मिलिग्रॅमची सिरिंज कदापि नाही. हाताची शीर वापरायचीच असेल तर कोपराजवळची मोठी, नव्याने घेतलेली, वीस किंवा अठरा नंबरच्या कॅन्युलाची निवडावी. मनगटावरची, परवाची, अर्धवट सुजलेली कॅन्युला चालत नाही. हे द्रावण आम्लधर्मी असून शिरेच्या आतील अस्तराला भाजल्यासारखी इजा करते. प्रथम कॅन्युलाच्या तोंडाशी लाली येते, मग शिरेच्या मार्गाने लालसर पट्टा वर सरकतो, आणि दोन दिवसांनी ती शीर दोरीसारखी कडक लागते. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला विश्वासात घ्यावे. ‘आजोबा, या हाताची आग झाली, चुरचुरलं, की लगेच हाक मारा, उगाच सोसत बसू नका’ एवढे एक वाक्य पुष्कळ शिरा वाचवते, कारण आपल्याकडचे वयस्क रुग्ण सिस्टरला त्रास नको म्हणून रात्रभर दुखणे गिळतात. जो रुग्ण व्हेंटिलेटरवर गुंगीत आहे त्याची तक्रार आपण स्वतः शोधायची. दर तासाला पांघरूण बाजूला करून, हात उजेडात घेऊन पाहायचे.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाचा नियम वेगळा आहे. तेथे तिसऱ्या शॉकनंतरही व्ही.एफ. किंवा नाडीविरहित व्ही.टी. कायम राहिली, तर ३०० मिलिग्रॅम एकदम ढकलून देतात, गरज पडल्यास पुढे १५०, आणि छाती दाबणे क्षणभरही थांबवत नाहीत. सियाटल येथील १९९९ च्या अभ्यासात रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण या औषधाने ३४ वरून ४४ टक्क्यांवर गेले. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत घरी परतणाऱ्यांच्या संख्येत निर्णायक फरक दिसला नाही. यावरून माझे मत असे झाले आहे की त्या प्रसंगी छातीवरचे हात आणि वेळेवरचा शॉक यांचे मोल ॲम्प्यूलपेक्षा अधिक आहे, आणि औषध शोधण्यासाठी त्यांत खंड पडता कामा नये.

इतर औषधांबद्दल थोडक्यात: डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची मात्रा सामान्यतः निम्मी करावी लागते, वॉरफरिनची एकतृतीयांश ते निम्म्याने घटवावी लागते, आणि बीटा-ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा व्हेरापमिल यांच्या जोडीला अमिओडॅरोन आले की नाडी धोकादायक मंद होऊ शकते. नवजात अर्भकांना बेंझिल अल्कोहोलमुळे विशेष अपाय संभवतो. औषध चालू असता रोज ईसीजी काढून क्यूटी मोजावा, यकृताच्या चाचण्या पाहाव्यात, आणि ऑक्सिजनची गरज विनाकारण वाढू लागली तर फुप्फुसावरील दुष्परिणामाची शंका मनात ठेवावी.

शेवटी वेळेचा प्रश्न. दुपारी दोनला सुरू केलेल्या ड्रिपचा वेग रात्री आठला बदलायचा असतो, आणि अनेक रुग्णालयांत ड्यूटी बदलते ती नेमकी आठ वाजताच. एकीला वाटते पुढची बदलेल, दुसरीला वाटते मागचीने बदलला असेल, आणि रुग्णाला रात्रभर दुप्पट औषध जात राहते. तेव्हा माझी विनंती एवढीच की बाटलीवर वा सिरिंजवर लावलेल्या चिठ्ठीवर औषधाचे प्रमाण, सुरू केल्याची वेळ आणि वेग बदलण्याची वेळ ठळक अक्षरांत लिहा, आणि घरी निघण्यापूर्वी पुढच्या सिस्टरला पंपापाशी नेऊन ती वेळ बोटाने दाखवा व तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.